कोगनचा चढ

चढाच्या मध्यावर स्कूटरने एक हिसका दिला, मग आणखी एक, आणि बंद पडली. उल्काने दोन्ही ब्रेक दाबून धरले. मागून येणाऱ्या गाड्या जराशा थबकून बाजूने निघून गेल्या. तिने स्टार्टर दाबला. इंजिन नुसतंच कुरकुरत राहिलं. टाकीत पेट्रोल होतं, कालच भरलेलं.

स्कूटर ओढत तिने फुटपाथला लावली आणि हेल्मेट काढलं. आता हे नेहमीचंच झालं होतं. सकाळी घरासमोर गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची, ग्रेंजटाउनचा सपाट रस्ता निमूट पार करायची, आणि कोगनवरून टेकडीवरच्या पेनार्थकडे चढायला लागलं की, नेमका जोर लागतो तिथेच, मान टाकायची. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरू व्हायची. कधी व्हायचीही नाही.

फोन वाजला. ऑफिसातून केरिस बोलत होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या कोणत्या केअररने कोणाकडे कधी जायचं हे ती ठरवायची.

"उल्का, वेअर आर यू, लव्ह? डॉक्टर तुझी वाट बघतायत."

"कोगन हिल. स्कूटर."

"अगेन?"

केरिस वाईट बाई नव्हती, म्हणून तर जास्तच ओशाळं वाटायचं. कारच्या ड्रायव्हिंग टेस्टची तारीख पुढच्या वर्षातली मिळाली होती. बसने गेलं तर सकाळची निम्मी घरं राहून जायची. स्कूटर होती म्हणून हे काम होतं.

ती स्कूटर ढकलत चढ चढली.

डॉक्टर रघुवीर खांबेटे पलंगाच्या कडेला बसले होते. तीसेक वर्षं त्यांनी वेल्समध्ये लोकांची हाडं जोडली होती. बायको गेली, मग स्ट्रोक आला. उजवी बाजू लुळी पडली आणि सगळी इंग्रजी पुसली गेली. उरली ती लहानपणची मराठी. बाकीच्या केअरर त्यांच्याशी प्रेमाने, मोठ्या आवाजात बोलायच्या आणि ते त्यांच्याकडे नुसते बघत राहायचे. मराठी बोलणारी म्हणून केरिसने उल्काला त्यांच्याकडे लावलं, तेव्हा पहिल्या दिवशी ते चहाचा कप हातात धरून रडले होते.

"केव्हाचा हाका मारतोय," ते म्हणाले. "घरात कोणी नाही का?"

"आले काका. गाडी बंद पडली वाटेत."

मग तिला ओला पायजमा दिसला. तिने तिकडे बघितलेलं त्यांनाही दिसलं.

"तू बाहेर थांब," ते म्हणाले. "माझं मी बदलतो."

ती खरोखरच बाहेर जाऊन थांबली. आतून बराच वेळ धडपड ऐकू येत राहिली. मग सगळं शांत झालं आणि हळू आवाज आला, "अगं, ये आत."

रविवारी उल्का आणि तिचा नवरा शशी मागच्या अंगणात स्कूटर उघडून बसले. शशी पावाच्या कारखान्यात कामाला होता, त्याचा आणि इंजिनाचा काही संबंध नव्हता. फोन कुंडीला टेकवून व्हिडिओ बघत, थांबवत, मागे नेत त्यांनी एकदाचा कार्बुरेटर बाहेर काढला. खालच्या वाटीचा स्क्रू सैल केला आणि आतलं पेट्रोल जॅमच्या रिकाम्या बरणीत उतरवलं. बरणी उजेडात धरल्यावर तळाशी साबुदाण्यासारखे थेंब इकडून तिकडे घरंगळताना दिसले.

"अहो, हे बघा. पाणी आहे यात!"

"सापडलं तर मग!" शशी म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की त्याने कळकट हाताने तिच्या पाठीवर थाप मारली. "थंडीभर बाहेर उभी होती ना. टाकीत पाणी धरलं असणार."

त्यांनी जुनं पेट्रोल काढून टाकलं. कार्बुरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक धार सोडणारी पितळी तोटी, सोडवून घेतला. त्याचं भोक इतकं बारीक की आरपार काही दिसेना. वायरमधली तांब्याची एक तार त्यात घातली, सफाईचा स्प्रे मारला, पुन्हा तार घातली. शेवटी उल्काने तो डोळ्याला लावला तर पलीकडे आभाळाचा एक ठिपका दिसला.

पुढचा आठवडा स्कूटर गात चढ चढली. डॉक्टर वेळेवर धुऊन-पुसून खिडकीत बसायचे. उल्का कपड्यांच्या घड्या करताना ते तिच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायचे. एकदा म्हणाले, "चढाचा रस्ता आहे. जपून येत जा."

आणि मग एका सकाळी त्याच चढावर तोच हिसका.

या वेळी सीटखाली स्क्रूड्रायव्हर होता. पावसाची भुरभुर चालू होती. फुटपाथवर गुडघे टेकून तिने वाटीचा स्क्रू फिरवला. आतून धार यायला हवी होती. चारदोन थेंब आले, आणि त्यांच्याबरोबर तांबडी कचकच, विटेच्या चुऱ्यासारखी. पेट्रोल खाली उतरतच नव्हतं. व्हिडिओत हे नव्हतं. तिने स्क्रू पुन्हा लावला, पुन्हा काढला. टाकीचं झाकण उघडून बघितलं. नळी पिळून बघितली. बोटं गारठून बधिर झाली, तरी ती दाबत राहिली, कारण दुसरं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.

केरिसचा फोन आला. "डोन्ट वरी, लव्ह. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवलंय."

स्कूटर तिथेच सोडून उल्का चालत निघाली. पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. दुसरी केअरर बाथरूमच्या दाराशी कोपर धरून बसली होती. तरुण, भली मुलगी होती ती. म्हणाली, मी त्यांना शॉवर देत होते, तर ते अचानक ओरडायला लागले. मी समजावत राहिले, तर मला जोरात ढकललं.

डॉक्टर टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसले होते. छाती लालबुंद झाली होती.

"पोळतंय म्हटलं मी," ते उल्काला म्हणाले. "कितीदा म्हटलं. पोळतंय, पोळतंय."

तिने ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. केरिसने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आय बिलीव्ह यू. पण स्टाफवर हात उचलला की दोन केअरर पाठवाव्या लागतात, तो रूलच आहे. आणि माझ्याकडे दोन नाहीत. त्यांच्या मुलीला तसं कळवावं लागेल." मग खाली बघत म्हणाली, "आणि तुझी स्कूटर नीट होईपर्यंत मी तुला ग्रेंजटाउनमधलीच घरं देते. चालत जाता येतील अशी."

स्कूटर नीट होणार नव्हती. गॅरेजवाल्याने टाकीत टॉर्च मारला आणि उल्कालाही वाकून बघायला लावलं. टाकी आतून गंजून सोलवटली होती. कार्बुरेटर कितीही साफ करा, म्हणाला, गंज वरून खाली येतच राहणार. आणि या मॉडेलची टाकी आता कुठे मिळत नाही.

काही दिवसांनी डॉक्टरांच्या मुलीचा फोन आला. स्वराली केंब्रिजला संशोधन करायची; इथेच वाढलेली, मराठी मोडकीतोडकी.

"उल्काताई, बाबाला इकडच्या केअर होममध्ये आणते आहे मी. माझा घर तिथून जवळ आहे." ती थांबली. "तुम्हाला राग आला?"

"राग कशाचा?"

"मला पण नको वाटते. पण दुसरी मार्ग नाही."

न्यायच्या दिवशी उल्का बसने पेनार्थला गेली. दिवाणखान्यात खोकी रचली होती. डॉक्टर कोट घालून आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते. ती त्यांच्याकडे जाणार, तेवढ्यात स्वरालीने तिला स्वयंपाकघरात बोलावलं.

"ताई, तिथे कोणालाच मराठी येत नाही. तुम्ही थोडे वर्ड्स बोलता? मी रेकॉर्ड करते. मग स्टाफला कळेल, बाबा काय म्हणतो."

"तुम्हीच बोला ना."

"माझा मराठी असा. ते शिकतील तर बरोबर शिकू देत."

स्वरालीने फोन पुढे धरला. उल्का ओट्याला टेकून उभी राहिली. कोरड्या आवाजात म्हणाली, "पाणी."

"वॉटर," स्वराली म्हणाली.

"थंडी वाजतेय."

"आय अ‍ॅम कोल्ड."

"लघवीला जायचंय."

स्वरालीने फोन दुसऱ्या हातात घेतला. मग तिने तेही सांगितलं.

"पोळतंय," उल्का म्हणाली.

"इट्स बर्निंग मी."

"दुखतंय."

स्वराली तोंड उघडणार, तोच आतल्या खोलीतून आवाज आला. स्पष्ट आणि घाई नसलेला, उल्काने आजवर कधी न ऐकलेला.

"कुठं दुखतंय? इकडे ये, बघू."

मग उल्का आत गेली. डॉक्टरांनी डावा हात पुढे केला होता. ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिने आपलं मनगट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्याने हाड चाचपलं, अंगठा थोडा वर सरकवला, हलकेच दाबलं.

"इथं?"

"हो काका," ती म्हणाली. "तिथंच."