दुसरा मोजा

बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात हॉइट लेडबेटर घडीच्या खुर्च्या उघडून भिंतीला लावत होता आणि खुर्चीगणिक जिन्याकडे बघत होता. वर गावचा वादळाची सूचना देणारा भोंगा वाजायला लागला होता. माणसं उतरत होती, पण आज ती नेहमीसारखी उतरत नव्हती. निवृत्त फुटबॉल प्रशिक्षक रस्क आले ते हात खिशात घालून. टीग बहिणी आल्या त्या पोपटाच्या पिंजऱ्याशिवाय. कुणाच्या हातात केक नव्हता, फोटोची चौकट नव्हती, उशीसुद्धा नव्हती. बाजारात उधारीवर आलेल्या माणसांसारखे सगळे अंग चोरून बसले.

हॉइटला कारण माहीत होतं. कारण तोच होता.

अलाबामाच्या उत्तर टोकाला ब्रशी फोर्क नावाच्या गावात हॉइट जन्मला, तिथंच त्याने शाळेत इतिहास शिकवला आणि काउंटीच्या साप्ताहिकात 'ओसरीवरून' नावाचं सदर लिहिता लिहिता साठी ओलांडली. विषय साधे असायचे. रश्श्यात पीठ किती घालावं, फ्लोरिडाच्या समुद्रावर सासूला घेऊन गेलं की काय होतं, निवडणुकीच्या दिवसांत न्हाव्याच्या दुकानात कोण कोणाशी बोलत नाही. लोक सदर कापून फ्रिजवर लावत. मार्च महिन्यात भोंगा वाजला, गाव तळघरात जमलं आणि वादळ बाजूने निघून गेलं, तेव्हा त्याने त्यावर लिहिलं. जीव वाचवायला धावणारी माणसं बरोबर काय काय आणतात, असा विषय होता. प्रशिक्षकांनी विजेतेपदाचा चेंडू आणला होता. टीग बहिणींचा पोपट सगळ्यांच्या प्रार्थनेत मध्येच 'आमेन' म्हणत होता. आणि सगळ्यांत शेवटी, गारा पडायला लागल्यावर, निळा सूट, टोपी, हातमोजे, पायांत पारदर्शक लांब मोजे आणि ओठांना लाली अशा थाटात एक बाई जिना उतरल्या होत्या. हॉइटने नाव घातलं नव्हतं. त्याने एवढंच लिहिलं होतं की आमच्या गावात वादळ ताशी साठ मैलांनी येतं, पण एका दारापाशी त्यालाही ताटकळावं लागतं, आतून आवाज येतो, "जरा थांब रे, दुसरा मोजा राहिलाय."

नाव घालायची गरजच नव्हती. व्हर्लीन स्ट्राउडबाईंना सारं गाव ओळखत होतं. ऐंशी ओलांडलेली ती विधवा बाई रविवारच्या वर्गात निम्म्या गावाला बायबल शिकवून बसली होती; हॉइटलासुद्धा. ते वाक्य गावभर झालं. बँकेत कुणाला उशीर झाला की मागचा म्हणायचा, "दुसरा मोजा राहिलाय वाटतं." पेट्रोल भरताना, शाळेच्या फाटकापाशी, सगळीकडे तेच. चर्चच्या पायऱ्यांवर व्हर्लीनबाई स्वतः त्याला म्हणाल्या होत्या, "छान लिहिलंस हॉइट. लोक फार हसले." ते त्याने कौतुक म्हणून घेतलं आणि चार ठिकाणी सांगितलंही.

आता तळघर भरलं होतं आणि त्या आल्या नव्हत्या.

"येतील," तो बायकोला म्हणाला. "त्यांना वेळ लागतोच."

जोएटाने त्याच्याकडे बघितलं नाही. ती रेडिओचा आवाज कमी करत होती.

"तू लिहिल्यावर कशा येतील?" ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस येणार आहे, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं. शेजारच्या दोन खुर्च्यांवरची माणसं एकदम जमिनीकडे बघायला लागली. हॉइटच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने गाडीची किल्ली काढली. जोएटाने एकदा त्याचा दंड धरला, मग सोडला.

बाहेर आभाळ जुन्या जखमेसारखं हिरवंपिवळं झालं होतं आणि वारा मुळीच नव्हता. व्हर्लीनबाईंचं घर गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे होतं. तो पोचेपर्यंत गारा सुरू झाल्या. पुढचं दार बंद होतं. त्याने ते मुठीने वाजवलं.

"कोण आहे?"

"मी हॉइट. चला बाई, गाडी आणलीय."

 आतून, अगदी हळू आवाजात उत्तर आलं, "मी तयार नाही रे. तू जा."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याला यात सदरासाठी एक वाक्य सापडलं असतं.  आज तो घराला वळसा घालून मागच्या जाळीच्या दाराशी गेला. ते नुसतंच लोटलेलं होतं. स्वयंपाकघरातून बोळात आला तेव्हा त्याला त्या दिसल्या. बोळातल्या कपड्यांच्या कपाटाचं दार उघडं होतं आणि लटकत्या कोटांखाली त्या जमिनीवर बसल्या होत्या. अंगावर घरातला विटका झगा, हनुवटीपर्यंत ओढलेली गोधडी. केस मोकळे होते आणि इतके विरळ की डोक्याची कातडी दिसत होती. गोधडीतून पाय बाहेर आले होते. एका पायात मोजा होता. दुसरा पाय उघडा होता, निळ्या शिरांचा, म्हातारा.

"इकडे बघू नकोस," त्या म्हणाल्या.

हॉइट पाठ फिरवून बोळातच खाली बसला. गाडीपर्यंत जायला आता उशीर झाला होता. दिवे गेले. बाहेर लांबून मालगाडी यावी तसा आवाज सुरू झाला, आणि त्या गावाला तर रेल्वे नव्हती.

"पाय आत घ्या," तो म्हणाला. "दार मी धरतो."

त्याने पाठीमागे हात नेऊन, न बघता, कपाटाचं दार आपल्या खांद्यापर्यंत ओढलं. घर कण्हायला लागलं. स्वयंपाकघरात एकामागून एक काहीतरी फुटत गेलं. दोघांपैकी कुणी प्रार्थना केली असेल तर ती ऐकू येण्यासारखी नव्हती. मग कुठेतरी मोठं झाड मोडलं, जमीन हादरली आणि तो आवाज ओढा ओलांडून पलीकडे सरकला. राहिला तो नुसता पाऊस.

तरी दोघंही उठले नाहीत.

"घालायला घेतला होता," कपाटातून त्या म्हणाल्या. "एक घातला. दुसरा हातात घेतला आणि हसूच ऐकू यायला लागलं सगळ्यांचं. मग हात चालेना."

 समोरच्या भिंतीवरचा कागद एका कोपऱ्यातून सुटला होता, त्याकडे हॉइट बघत राहिला.

मग त्यांनी सांगितलं. एखादी गोष्ट आयुष्यात कधीच कुणाला सांगितलेली नसली की सांगताना माणूस शब्द शोधत नाही, तशा त्या सरळ बोलत गेल्या. त्या सोळा वर्षांच्या होत्या. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात त्यांचं घर होतं. वादळाने घर नेलं आणि आईलाही नेलं. उजाडल्यावर शोधायला निघालेल्या पुरुषांना ती कापसाच्या शेतात सापडली. वाऱ्याने तिच्या अंगावर एक चिंधीसुद्धा ठेवली नव्हती. व्हर्लीन मागून धावत पोचली तेव्हा ते सगळे गोल करून उभे होते, टोप्या काढून. चर्चमधले होते, शेजारचे होते, दुकानदार होता. वाईट कुणीच नव्हतं. पण कुणी पुढे झालं नाही आणि नजरही कुणाची पुरती वळली नाही. तिनेच खताचं रिकामं पोतं ओढून आणलं आणि आईवर घातलं. ते पुरलं नाही.

"माझी आई," त्या म्हणाल्या, "घरातसुद्धा कोपराच्या वर बाही जाऊ द्यायची नाही."

पाऊस कमी झाला होता.

"म्हणून मी पिना लावते. झंपर परकराला, परकर मोज्याला. आतून लावते. तुला कुठे दिसणार."

"मला माहीत नव्हतं," हॉइट म्हणाला.

"तू विचारलं नाहीस."

त्याला वाटलं, यापेक्षा त्यांनी तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता की त्याच्या लिखाणात डंख नसतो. हसतो तो आपल्याच माणसांना आणि प्रेमाने. ते खोटंही नव्हतं. आत्ता ते त्याला तोंडातल्या गिळवत नसलेल्या घासासारखं झालं.

"मी लिहितो," तो घाईने म्हणाला. "याच आठवड्यात. माफी मागतो. तुम्ही का तसं करता ते नीट सांगतो सगळ्यांना. लोकांना कळलं पाहिजे. त्यांना इतकं वाईट वाटेल, बाई…"

"हो, तू लिहिशील छान," व्हर्लीनबाई म्हणाल्या. "रडतील सगळे. कापून फ्रिजवर लावतील." गोधडी ओढून घेतल्याचा आवाज आला. "माझी आई त्या शेतात एकदाच पडली होती, हॉइट. तू तिला परत तिथे नेऊन ठेवू नकोस."

त्याच्या डोक्यात पहिला परिच्छेद तयार होऊन बसला होता. कापसाच्या शेताने सुरुवात करायची, असंसुद्धा ठरलं होतं. ते त्याचं त्यालाच कळलं तेव्हा त्याला अंधारात, पाठमोरं बसूनही, चेहरा हातांनी झाकावासा वाटला.

बाहेर इंजिनचा आवाज आला, मग माणसांचे. अग्निशमनाच्या स्वयंसेवकांची गाडी ओढ्याकडून घरं तपासत येत होती.

"मला कपडे करायचेत," व्हर्लीनबाई म्हणाल्या. "त्यांना आत येऊ देऊ नकोस. आणि तू वळू नकोस."

त्या भिंतीला धरून उठल्याचं, त्याच्या मागून सरपटत्या पावलांनी खोलीत गेल्याचं त्याने ऐकलं. मग तो पुढच्या दाराशी गेला. ओसरी उरली नव्हती. पिकानचं झाड रस्त्यावर आडवं पडलं होतं आणि त्यावरून चढून रँडल गोर्मन आणि आणखी दोघं अंगणात उतरत होते. रँडल हॉइटचा जुना विद्यार्थी, आता गावात टायरचं दुकान चालवणारा.

"सर! तुम्ही इथं? बाई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. येतायत बाहेर."

"मग काढूया पटकन. गॅसचा वास येतोय ओढ्याच्या बाजूने. मी आत जाऊन उचलून आणतो त्यांना."

रँडलने उंबऱ्यावर पाय ठेवला. हॉइटने चौकटीला आडवा हात लावला.

"थांबायचं," तो म्हणाला. वर्गात म्हणायचा तसं.

रँडल थबकला. त्याने हॉइटच्या मागे अंधाऱ्या बोळाकडे बघितलं आणि त्याच्या चिखलाने माखलेल्या तोंडावर हसू पसरलं. त्यात वाईट काही नव्हतं. दिवसभर भेदरलेल्या माणसाला हसायला निमित्त मिळालं होतं, एवढंच.

"दुसरा मोजा राहिलाय वाटतं," तो म्हणाला.

मागचे दोघं मोठ्याने हसले. घर लहान होतं आणि खिडक्यांना काचा उरल्या नव्हत्या. आत कपाटाचा खण ओढल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

तिघंही हॉइटकडे बघत होते. तोही हसेल, वर आणखी एक फोडणी देईल, याची वाट बघत होते. हॉइटचा हात चौकटीवर तसाच राहिला. त्याला म्हणायचं होतं की हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नकोस. पण वाक्य रँडलचं नव्हतं. त्याने खाली, ओल्या पायपुसण्याकडे बघितलं. हसणं आपोआप विरलं. एकाने खाकरून घसा साफ केला. मग आत खण पुन्हा ओढला गेला आणि चौघे पुरुष पावसात, गॅसच्या वासात उभे राहिले.

व्हर्लीनबाई बाहेर आल्या तेव्हा निळ्या सुटात होत्या. टोपी सरळ होती. त्यांनी रँडलचा हात धरला, त्याच्या आईची तब्येत विचारली आणि झाडावरून चढताना एकदाही मागे बघितलं नाही.

गावात कुणी दगावलं नाही. गुरांच्या बाजाराचं छप्पर उडालं, शाळेची बस उलटी झाली. संपादकाने दोनदा फोन केला. या आठवड्यात पूर्ण पान देतो, म्हणाला, लोक वाटच बघतायत. हॉइटने भेंडीचं लोणचं घालायच्या रीतीवर लिहिलं. इतकं नीरस सदर त्याने कधी लिहिलं नव्हतं. न्हाव्याने मानेवरून वस्तरा फिरवता फिरवता विचारलं की सर, तुम्ही म्हातारे झालात की काय. हॉइट म्हणाला, झालो असेन.  त्या रात्री जेवताना जोएटाने त्याच्या पानात मक्याच्या पावाचा कडेचा तुकडा वाढला, जो ती एरवी स्वतः घ्यायची.

मे महिन्यात भोंगा पुन्हा वाजला. आभाळ काळं होतं, पण हिरवं नव्हतं. हॉइट गाडी घेऊन थेट ओढ्याकडे गेला. घराला कुलूप होतं. तळघरातही त्या नव्हत्या. पोपटाचा पिंजरा मात्र टीग बहिणींनी आणला होता, वरून टॉवेल टाकून. त्याने एकदोघांना विचारलं, पण कुणाला माहीत नव्हतं. शेवटी प्रशिक्षक रस्क हळूच म्हणाले की हायवेपलीकडच्या मेथडिस्ट चर्चचं तळघर आहे ना, त्या हल्ली तिकडे जातात. लांब पडतं खरं. काळ्या लोकांचं चर्च ते. इकडचं कुणी जात नाही तिकडे, आपलं साप्ताहिकही तिकडे फारसं कुणी घेत नाही.

हॉइट जिन्याच्या वरच्या पायरीवर गेला, जिथे फोन लागायचा, आणि त्याने त्या चर्चच्या पाद्रीणबाईंना फोन लावला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी गात होतं.

"स्ट्राउडबाई ना? आहेत की. मघाशीच आल्या. पुढच्या बाकावर बसल्यात, झकास तयार होऊन. कोण बोलतंय?"

हॉइटने नाव सांगितलं. पलीकडे त्या नावाची ओळख पटल्याचं काही जाणवलं नाही.

"त्यांना फोन देऊ का? की नुसतं सांगू, तुम्ही विचारलंत म्हणून?"

वर पावसाचे पहिले थेंब दारावर वाजायला लागले होते. खाली जोएटाने त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती.

"नको," हॉइट म्हणाला. "बसू द्या त्यांना."