औषधाआधीचा ताप

मार्लिसने औषधाचा चमचा तोंडाजवळ नेला तशी मेबलने ओठ घट्ट मिटून घेतले.

"गोड आहे ग. चेरीचं आहे."

मेबलने मान हलवली. तिचे गाल लालबुंद झाले होते आणि डोळे तापाने चकाकत होते. पाच वर्षांची पोर, पण तोंड मिटायचं ठरवलं तर वकिलाने पढवलेल्या साक्षीदारासारखं मिटायची.

"मला बरं वाटतंय," ती ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली.

"इथे बरं वाटणाऱ्या मुलांना घेत नाहीत," मार्लिस हसून म्हणाली. "इथे यायचं तर थोडं तरी आजारी असावं लागतं."

मेबलला ते पटल्यासारखं दिसलं नाही. तिने खिडकीबाहेर पाहिलं, मग चमच्याकडे पाहिलं.

"मिस मार्लिस, हे दोनदा घेतलं तर काय होतं?"

मार्लिसचा हात जागच्या जागी थांबला.

"काय दोनदा?"

"काही नाही," मेबल म्हणाली आणि तिने पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं.

मार्लिसने चमचा बेसिनमध्ये रिकामा केला. सकाळी तिने मेबलच्या आईला, केंड्राला, दारातच विचारलं होतं, आज तापाचं काही औषध दिलंय का? 'नाही, काहीच नाही,' केंड्रा म्हणाली होती, आणि तेही इतक्या चटकन की प्रश्न पुरता संपलासुद्धा नव्हता. थर्मामीटरने नव्व्याण्णव दाखवला होता. मार्लिसने पोर आत घेतली होती.

पाटीवर या केंद्राचं नाव मोठं गोड होतं, पण अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या त्या गावात सगळे त्याला शेंबूडघर म्हणत. ज्या मुलांना शाळा घेत नाही आणि नेहमीचं पाळणाघर दारातून परत पाठवतं, त्यांना सांभाळायची ही जागा. खोकल्याची एक खोली, पोटाच्या तक्रारींची दुसरी, आणि अंगावर पुरळ उठलेल्यांसाठी मागच्या बाजूने वेगळं दार असलेली तिसरी. खोकल्याच्या खोलीतली निळी खेळणी पोटाच्या खोलीत गेली तर मार्लिस ती ब्लीचच्या बादलीत बुडवल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. तिशी-पस्तिशीत ती इस्पितळात नर्स होती. आता साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि ती नसेल त्या दिवशी केंद्र उघडायचंच नाही असा नियम होता.

नेहमीच्या पाळणाघरांनी गावातल्या आयांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. ताप आहे म्हणालात की मूल घरी. म्हणून मग गाडीत चमचाभर सिरप द्यायचं, तासाभरात ताप उतरतो, दारात हसतमुखाने निरोप घ्यायचा, आणि दुपारी फोन येईल तेव्हा आश्चर्य वाटल्याचं दाखवायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पाळणाघरवाल्यांनाही. पण जिथे आजारपण सांगूनच प्रवेश मिळतो तिथेही ही सवय सुटत नव्हती. जीभच तशी वळलेली.

केंड्रा काम करायची त्या मांसाच्या कारखान्यात मार्लिसने फोन लावला. कामावर मोबाइल कपाटात ठेवावे लागत, त्यामुळे निरोप मुकादमाकडून जायचा. मागे यंत्रांची घरघर बराच वेळ ऐकू येत राहिली. मग केंड्राचा धापा टाकणारा आवाज आला.

"काय झालं? काय झालं तिला?"

"काही झालेलं नाही. सकाळी औषध कधी दिलंस?"

"दिलं नाही म्हटलं ना मी तुम्हाला."

"केंड्रा, मी तुला न्यायला ये म्हणत नाहीये. माझ्या हातात आत्ता चमचा होता. वेळ तेवढी सांग."

घरघर चालू राहिली. पलीकडे कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं.

"साडेसहाला," केंड्रा शेवटी म्हणाली. "गाडीत. तुमच्या पार्किंगमध्येच. मग अर्धा तास थांबून आत आले."

"किती?"

"बाटलीबरोबर येतो ना तो चमचा. पूर्ण." मग तिचा आवाज खाली आला. "दिलंत का तुम्ही तिला परत?"

"नाही."

"देवा."

"पोरीनेच तोंड उघडलं नाही," मार्लिस म्हणाली. "जा तू. मुकादम डोळे वटारत असेल."

तो वटारत होताच. कारखान्यात गैरहजेरीला गुण देत, आणि शाळेच्या अगदी उलट, गुण साठले की माणूस नापास व्हायचा. डॉक्टरची चिठ्ठी आणा नाहीतर मूल ॲम्ब्युलन्समधून न्या, गुण तो गुणच. या हिवाळ्यात मेबलला आधी कान, मग घसा, मग पुन्हा कान असं चालू होतं. केंड्राच्या खात्यात आता एकाच गुणाची जागा उरली होती. तो मिळाला की नोकरी गेली. नोकरीबरोबर विमा जाणार होता, आणि विमा गेल्यावर मेबलचा कान बघणार कोण होता?

संध्याकाळी केंड्रा आली तेव्हा तिचे केस अजून जाळीच्या टोपीतून सुटले नव्हते. ती दाराच्या आत आलीच नाही. उंबऱ्यावर उभी राहिली आणि बुटांकडे बघत म्हणाली,

"काढून टाका आमचं नाव. मला माहीत आहे तो नियम."

नियम होता. औषध लपवणाऱ्या घरातलं मूल पुन्हा घ्यायचं नाही. मार्लिसने मेबलचे हातमोजे शोधायला जरा जास्तच वेळ घेतला.

"दार लाव आधी, थंडी आत येतेय," ती म्हणाली. "आणि बस."

केंड्रा मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसली. गुडघे हनुवटीपाशी आलेली ती तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी बघून मार्लिसला भडभडून आलं. पण चेहऱ्यावर तिने ते येऊ दिलं नाही, कारण अजून रागवायचं बाकी होतं.

"तू मला खोटं सांगितलंस आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवून तिला औषध देणार होते. दुपारी माझ्या हाताखालच्या जोलीनने आणखी एक दिलं असतं. एवढ्याशा पोरीचं यकृत केवढंसं असतं, माहीत आहे? माझ्या मुठीएवढं."

"मला वाटलं तुम्ही परत पाठवाल."

"खरं सांगितलंस म्हणून मी तुला कशाला परत पाठवीन? इतकी वर्षं आजारी मुलंच सांभाळतेय मी. तापाला घाबरत असते तर बाहुल्यांचं दुकान काढलं असतं." केंड्राच्या ओठांवर थोडं हसू आलं. "मला फक्त खरं सांगत जा. काय दिलंस, कधी दिलंस, बस्स. बाकीचं मी बघते. कबूल?"

"कबूल," केंड्रा म्हणाली. मग उठून तिने मार्लिसला अचानक मिठी मारली. तिच्या जॅकेटला कारखान्याच्या साबणाचा वास येत होता. मेबल दोघींकडे संशयाने बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीच्या बर्फाने रस्ते अडले होते, तरी दारात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. ओसरीत सहा-सात आईबाप बूट आपटत उभे होते. कुणी पोराचं नाक पुसत होतं, कुणी हातातल्या कॉफीवर फुंकर घालत होतं. केंड्रा सगळ्यांत पुढे होती. मेबल तिच्या खांद्यावर डोकं टाकून होती आणि काल संध्याकाळच्या मानाने बरी दिसत होती. थर्मामीटरने शंभर दाखवला.

मार्लिसने विचारायच्या आतच केंड्रा बोलायला लागली. घोकून आली होती.

"पाच वाजता उठवलं तेव्हा एकशेदोन पॉइंट आठ होता. तेव्हाच औषध दिलं, पूर्ण चमचा. उलटी नाही. अर्धं टोस्ट खाल्लं. आता पुढचं औषध नऊनंतर, बरोबर ना?"

ती चक्क खूश होती. धडा न अडखळता म्हणून दाखवलेल्या मुलीसारखी ती मार्लिसच्या तोंडाकडे बघत होती.

मार्लिसने थर्मामीटर खाली ठेवला. एकशेदोनच्या वर ताप असलेलं मूल आत घ्यायचं नाही, हा नियम सरकारचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. काही वर्षांपूर्वी एका सकाळी औषधाने उतरलेला ताप बघून तिने एक दीड वर्षाचा मुलगा आत घेतला होता. औषधाचा असर ओसरला तसा ताप झपाट्याने चढला आणि त्याला तिच्या मांडीवरच आकडी आली. मुलगा वाचला. पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची ती वेळ मार्लिसच्या हातांत अजून होती. त्यानंतर तिनेच संचालकांशी भांडून नियम करून घेतला, की दारातला ताप धरायचा नाही, औषधाआधीचा धरायचा.

"काय झालं?" केंड्राने विचारलं.

"केंड्रा," मार्लिस हळू आवाजात म्हणाली, "एकशेदोनच्या वर असेल तर मला घेता येत नाही."

"पण आता शंभर आहे. तुम्हीच बघितलात ना आत्ता."

"औषधाआधीचा धरतो आम्ही."

केंड्राला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तिचा चेहरा रागाने नाही, गोंधळाने भरला.

"तुम्ही म्हणालात खरं सांग म्हणून. परत पाठवणार नाही म्हणालात."

"म्हणाले मी."

"मग?"

काल ते वाक्य बोलताना हा नियम मार्लिसच्या डोक्यात आलाच नव्हता, इतकं ते वाक्य मनापासून आलेलं होतं.

"मी कारखान्यात फोन करते. मी नर्स आहे, मी सांगते त्यांना."

"त्यांना डॉक्टरचंसुद्धा चालत नाही." केंड्राने मेबलला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग अगदी साधेपणाने विचारलं, "कालसारखं काही दिलं नाही म्हणाले असते, तर घेतलं असतंत?"

मार्लिसला खोटं बोलता आलं असतं. मागे सगळे ऐकत होते.

"हो," ती म्हणाली. "घेतलं असतं."

केंड्राने मान डोलावली. भांडली नाही, रडली नाही. ती भांडली असती तर मार्लिसला सोपं गेलं असतं. तिने मेबलच्या कोटाची चेन वरपर्यंत ओढली आणि टोपी कानांवर घट्ट बसवली. मेबलने आईची हनुवटी दोन्ही हातांनी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "खरंच. आज मी काहीच बोलले नाही."

"माहीत आहे राणी. मीच सांगितलं."

लोकांनी सरकून त्यांना वाट करून दिली. कुणीतरी दार धरलं. काचेतून मार्लिसला दिसलं, केंड्रा मेबलला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावत होती. मग ती पुढे जाऊन बसली आणि गाडी चालू न करता बसूनच राहिली. हात स्टिअरिंगवर होते आणि कारखान्याची वेळ होत आली होती.

"पुढे या," मार्लिस म्हणाली.

पुढे ट्रेंट होता, धान्याच्या कोठारावर काम करणारा उंच माणूस. त्याच्या मांडीला कूपर चिकटला होता, चौथं लागलेला, सर्दीने डोळे बारीक झालेला. थर्मामीटरने जेमतेम साडेनव्व्याण्णव दाखवला. मार्लिस गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकली. पोराच्या कपाळावर, केसांच्या मुळाशी घाम होता. ताप नुकता उतरायला लागला की येतो तसा.

"सकाळपासून तापाचं काही औषध दिलंत का?"

ट्रेंटने तिच्याकडे पाहिलं. मग वळून काचेतून बाहेर, अजून तिथेच उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही."

मार्लिस त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. त्यानेही नजर काढली नाही, पण त्याचे कान लाल झाले.

"या आत," ती म्हणाली.

त्याच्या मागच्या बाईनेही काही दिलेलं नव्हतं. तिच्या मागच्या आजोबांनीही नाही. त्या सकाळी त्या ओसरीत एकाही मुलाला कुणी काहीच दिलेलं नव्हतं. मार्लिसने सगळ्यांना तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला आणि सगळ्यांना आत घेतलं.

खोल्या भरल्यावर जोलीन औषधांच्या कपाटाची किल्ली मागायला आली. जोलीन नवी होती, हुशार होती, आणि प्रत्येक गोष्ट नियमाने व्हावी असं तिला वाटायचं.

"दुपारच्या जेवणापर्यंत कुणालाही तापाचं औषध द्यायचं नाही," मार्लिस म्हणाली.

"कुणालाच नाही? पण कुणाच्याच आईबापांनी काही दिलेलं नाहीये. मी ऐकलं ना."

"मीही ऐकलं."

"मग ताप चढला तर?"

"मला हाक मार. मी कुठे जात नाही."

मार्लिसने किल्ली आपल्या खिशात ठेवली. मग नळ सोडून पाणी कोमट होईपर्यंत बोटं त्याखाली धरली, आणि स्वच्छ फडकी काढून त्यांच्या पट्ट्या फाडायला घेतल्या.