बिनधुळीची खोली

इजिप्तमधल्या दुमियात शहरात घरोघरी फर्निचर बनतं आणि घरोघरी धुळीच्या नावाने बोटं मोडली जातात. फिक्रियाचा मुलगा बहगत घराच्या मागच्या खोलीत लाकडी सामानावर चकाकीसाठी लॅकर फवारायचा. त्याआधी फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवायचं काम फिक्रियाचं. आधी तिने ते नवऱ्यासाठी केलं, तो गेल्यावर मुलासाठी. तरी कपाटांच्या दारांवर बारीक कण चिकटायचेच. "चालायचंच," ती म्हणायची, आणि बहगतही मान डोलवायचा.

मग नग्ला सून म्हणून आली. तिने खोलीतला भुसा, चिपा, जुनी पोती सगळं बाहेर काढलं. छतापासून फरशीपर्यंत प्लॅस्टिक ताणून कडा टेपने बंद केल्या. हवा आत येते तिथे जाड फिल्टर लावला आणि समोरच्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा. बहगत शिडी धरून तिच्याकडे बघत हसत होता. फिक्रियाचा जळफळाट झाला. लग्नातसुद्धा तो एवढा हसला नव्हता.

त्यावर कडी म्हणजे दारातच सुनेने तिला अडवलं.

"आई, रागावू नका, पण लोकरीची शाल घेऊन आत नको. तंतू सुटतात."

"माझे तंतू सुटतात? अगं, तू रांगत होतीस तेव्हापासून मी या खोलीत राबतेय!"

"तुमचे नाही हो, शालीचे."

बहगत फिस्सकन हसला. सुनेच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त झोंबलं.

एका नवरीचं ड्रेसिंग टेबल फवारून दोघं जेवायला बसली, तेव्हा फिक्रिया शालीसकट आत शिरली. एक तरी कण सापडावा म्हणून तिने ओल्या लॅकरवर वाकून वाकून पाहिलं. कणाचं नाव नाही. आली होती त्याहून जास्त जळत ती बाहेर पडली.

जेवणानंतर आतून बहगतचा आवाज चढला. टेबलाच्या कप्प्याच्या दारावर काळे तंतू चिकटले होते.

नग्लाने तंतू पाहिले, मग सासूची काळी शाल पाहिली. "माझंच चुकलं. घाईत प्लॅस्टिकचा पडदा नीट लावला नसेल."

बहगतचा राग पार विरघळला. "असू दे गं राणी, पुन्हा घासू."

राणी! म्हणजे आता चूक पदरात घेऊनही हीच गोड ठरणार? फिक्रियाला ते सोसेना.

"तिची कसली चूक? मी गेले होते आत! शाल घेऊन!"

"कशाला?" बहगतने विचारलं.

"खोट काढायला."

"मग सापडली?" नग्ला हळूच म्हणाली.

"नाही ना मेली!" म्हणत फिक्रिया रागाने रडायलाच लागली.

संध्याकाळपर्यंत बहगत आईशी बोलला नाही. लॅकर पुरतं वाळल्यावर नवरा-बायकोने दार पॉलिशपेपरने घासलं. पुन्हा फवारायच्या वेळी नग्लाने स्वतःच्यासारखाच एक नायलॉनचा अंगरखा सासूपुढे धरला.

"फरशी तुम्हीच भिजवा, आई. मी भिजवली की डबकी होतात."

ही आपल्याला चढवतेय हे फिक्रियाला कळत होतं. तरी तिने अंगरखा चढवला. या खेपेला दार आरशासारखं निघालं.

टेबल गाडीवर चढताना शेजारची उम्म गाबिर, म्हणजे गाबिरची आई, बघतच राहिली. "उम्म बहगत, एवढी सफाई कुठून आणली गं?"

"आमच्यात पहिल्यापासून अशीच पद्धत आहे," फिक्रिया म्हणाली.

नग्ला मागेच दोरी बांधत होती. तिने सगळं ऐकलं, पण ती काहीच बोलली नाही. तिचं ते न बोलणंही फिक्रियाला रात्रभर सलत राहिलं.