म्यानामागची चकमक

खाच... कुकरीच्या पात्याच्या बुडाशी, मुठीपासून बोटभर अंतरावर आत कोरलेली, मधोमध बारीकसा दात शिल्लक ठेवलेली खाच. जुनीतला तो दात किंचित डावीकडे कललेला, आणि नवीतलाही तेवढाच. तेवढाच कलवला होता त्याने, त्रिकोणी कानशीने, भिंग डोळ्याला लावून, आणि आता नख फिरवताना जुनी कुठली नि नवी कुठली हे बोटाला सांगता येईना, याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पाठोपाठ त्याने नख काढून घेतलं.

दोन्ही कुकऱ्या दुकानातल्या कामाच्या टेबलावर पाठीला पाठ लावून पडल्या होत्या, भांडून झोपलेल्या नवरा-बायकोसारख्या. जुनी बाबांची. बाबा कारखान्यात ऐरणीवर होते तेव्हा त्यांच्या जोडीला एक नेपाळी मिस्त्री होता, त्याने कायमचं गावी परतताना स्वतः घडवून दिलेली. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद, शिंगाची मूठ, आणि तापलेल्या पात्याला पाणी देताना म्हणे चहाच्या किटलीतून बारीक धार सोडलेली, फक्त कडेवर, पाठ मऊ राहावी म्हणून. नवी त्याची. तोही कमानपाटाच, तसंच शिंग, तशीच किटली. नवीला धार लावायचीच नव्हती, मग पाणी द्यायची काय गरज होती? पण दिलं. बाबांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला पाणी न देता पातं पुरं झालं असं म्हणवत नाही, एवढं मात्र खरं.

धार लावायची नव्हती, कारण दहा दिवसांपूर्वी बाबांचा तळहात कापला होता. हल्ली त्यांना सकाळ आहे की दुपार ते कळत नाही, सुनेला ते कधी बहीण समजतात तर कधी दवाखान्यातली नर्स. पण उशाशी कुकरी लागते. ती उघडी घेऊन झोपले आणि सात टाके पडले. कुकरी लपवली तर दोन दिवस घरभर शोधत फिरले, पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून आले, जेवले नाहीत, शेवटी परत द्यावी लागली. "बिनधारेची करा एखादी," बायको म्हणाली, भांडी विसळता विसळता, जणू भोपळा आणा म्हणावं तसं. "तुम्हाला काय, हातचा मळ. त्यांना आता कुठे कळतंय."

त्यांना आता कुठे कळतंय... हेच तर बघायचं होतं. रात्री बाबा झोपले की तो जुनी दुकानात आणून नवी तिच्या बरहुकूम घडवायचा नि पहाटे परत ठेवायचा; आज सकाळी बाबांची अंघोळ चालू असताना ती पुन्हा उचलून आणली होती, आणि दुपारी नवी त्यांच्या हातात जायची होती. ओळखलं, तर पंचवीस वर्षांची कारागिरी पाण्यात गेली. नाही ओळखलं, तर बाबाच गेले म्हणायचे, नुसतं अंग उरलं. उभ्या जन्मात त्यांनी त्याच्या कामाला 'चालेल'च्या वर शब्द दिला नव्हता. त्याला नक्की काय हवं आहे, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. तो फक्त मापं घेत बसला होता. पाठीची जाडी सारखी. लांबी सारखी. वजनात नवी चौदा ग्रॅम जास्त, कारण जुनीचं पोट चाळीस वर्षं धार लावून लावून झिजलंय.

मग म्यान. म्यानाच्या मागच्या बाजूला कातड्याचा छोटा खिसा असतो, त्यात दोन इवल्या सुऱ्या बसतात: एक धारेची, तिला मिस्त्री कर्द म्हणायचा, दुसरी बोथट, ठिणगी पाडायची आणि धार सरळ करायची, ती चकमक. त्याने दोन्ही केल्या होत्या, कर्दसुद्धा बिनधारेची, मुठींसकट, एका दिवसात, हात आपोआप चालला होता. खिशात सरकवल्या. नीट बसल्या. आणि मग जुन्या म्यानाकडे लक्ष गेलं.

जुन्या खिशात एकच होती. कर्द. शेजारची जागा सपाट, कातडं आत बसलेलं.

दाताचा कल बघितला, शिंगावरचा ओरखडा बघितला, आणि हे नाही बघितलं? की बघितलं होतं... पूर्ण जोड करायची ही कारागिराची खोड, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते त्याचं त्यालाच पटलं नाही. आठ वर्षांचा होता तो. शाळेमागच्या दगडावर चकमक आपटून ठिणगी पाडत होता, हातातून निसटली, आणि उघड्या गटारात डुबुक. संध्याकाळी बाबांनी म्यान उघडलं. कुणी नेली? दादा भिंतीशी उभा होता, काहीच न करता, शीळ घालत. "दादाने," तो म्हणाला. इतकं सोपं होतं ते. बाबांचा हात, घण चालवणारा, दादाच्या डाव्या कानावर एकदाच पडला. दादाने त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो कान पुढे कायमचा मंद झाला, आणि घरातल्यांनी त्याची थट्टा केली, बहिऱ्या म्हणून, दादाही हसायचा. दोन वर्षांपूर्वी गोदामाच्या आवारात मागे येणाऱ्या ट्रकखाली दादा गेला, तो ट्रक त्या बाजूने आला होता. डाव्या. यावर कुणी कधी काही बोललं नाही. त्याने तर नाहीच.

नव्या खिशातून चिमटीत धरून चकमक बाहेर ओढायची, एवढंच काम होतं. तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, येताय ना? ते उशी उलटीपालटी करतायत." आलोच, म्हणाला, नवी कुकरी म्यानासकट पिशवीत टाकली आणि निघाला. घाईत राहून गेली काढायची. रस्ताभर तो स्वतःला हेच सांगत होता, सिग्नलला थांबला तेव्हा चांगलं दीड मिनिट होतं, पिशवी मांडीवर होती.

बाबा खाटेच्या कडेला बसले होते, टाक्यांचा हात मांडीवर उताणा. त्याने कुकरी पुढे केली. त्यांनी ती उपसली, डाव्या तळव्यावर तोलली, अंगठा खाचेत गेला, दातावरून फिरला, थांबला.

"जड झालीय जरा," बाबा म्हणाले.

चौदा ग्रॅम. त्याला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, आनंदाने की कशाने ते कळलं नाही. आहेत अजून, आत कुठेतरी आहेत... पण मग त्यांनी कुकरी म्यानात घातली आणि बोटं सवयीने मागे गेली, खिशाकडे. एक मूठ. दुसरी मूठ. बोटं पुन्हा पहिल्यावर आली, पुन्हा दुसरीवर. बायको दारात ताट घेऊन उभी होती.

"सापडली?" बाबांनी विचारलं.

"हो."

"कुठे होती?"

"गटारात," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी, आणि इतकं सहज.

बाबांनी चकमक बाहेर काढली, उजेडाकडे धरली. मग त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्यांचा चेहरा असा काही मऊ झाला की त्याने तो तसा पूर्वी कधी पाहिलाच नव्हता.

"थोरल्या," ते म्हणाले, "ये रे इकडे. जवळ ये."

मी धाकटा, बाबा. शब्द जिभेवर आले होते, त्यांची चवसुद्धा कळत होती. तो जवळ सरकला. टाक्यांचा खरखरीत तळवा त्याच्या डाव्या कानावर आला आणि त्या बाजूचा सगळा आवाज दबला. दारातून बायको काही म्हणाली ते अर्धवटच ऐकू आलं.

"उगीच मारलं रे तुला. दुखतं का अजून?"

विचारणारा आजच्या काळात नव्हता आणि सांगणारा तर या जगातच नव्हता; मधे हा बसला होता, हाडामांसाचा, दादाच्या जागेवर नीट बसणारा.

"नाही," तो म्हणाला. दादाच्या नावावर दुसऱ्यांदा खोटं बोलला.

"चांगलं झालं," बाबा म्हणाले.

तळवा कानावरून हलेना. तो दूर करायला हवा होता, खरं सांगायला हवं होतं, आणि दुकानात टेबलावर ती जुनी पडली होती, रिकाम्या जागेसकट... हे सगळं कळत असून तो मान वाकवून तसाच बसून राहिला, आपली नसलेली माफी कानावर घेत, आणि ती संपू नये असं त्याला वाटत होतं.