कोव्हालिकचा पट्टा

तीन दिवस सगळा देश अर्लिस ग्रेडीची पाठ बघत होता.

टीव्हीवर तेच ते चित्र फिरवून फिरवून दाखवत होते. टोलेडो स्टोकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा मुख्य कोच रॉस कोव्हालिक हात उचलतो, मध्ये अर्लिसची दारासारखी रुंद पाठ येते, आणि पाठीपलीकडे टेव्हियन मॅक्रे नावाच्या पोराचं डोकं एका बाजूला जातं. मारलं की थोपटलं, हात लागला की नुसता जवळून गेला, काही दिसत नाही. आणि जे दिसलेलं नसतं त्यावर तावातावाने बोलायला माणसांना कोण आनंद होतो.

क्लबच्या आवारात गाडी लावून अर्लिस इंजिन चालू ठेवून बसला होता. बाहेर सरोवरावरचा वारा होता आणि आत रेडिओ होता. दोन्ही सारखेच बोचत होते.

"कोच आहे तो, बालवाडीची बाई नाही," रेडिओवर एकजण म्हणत होता. "आमच्या वेळी हेल्मेटची जाळी धरून गदागदा हलवायचे. मेलो का आम्ही?"

"मेला नाहीस, पण डोक्यावर परिणाम झालाय हे रोज सकाळी ऐकतोच आहे सगळं गाव," दुसरा म्हणाला, आणि दोघं खदाखदा हसले.

मग एका बाईचा फोन लागला. "मला एवढंच सांगा, त्याच दिवशी चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकने तीनदा तो समोरच्यांच्या हातात नेऊन दिला. त्याच्या पाठीवरून कोचने हात फिरवला. या पोराच्या हातून एक चेंडू निसटला तर त्याच्या तोंडावर हात?"

"अहो बाई, त्या क्वार्टरबॅकवर क्लबने किती पैसे ओतलेत ठाऊक आहे का? काचेच्या भांड्याला कोणी टिचकी मारून बघतं का? ते पोर म्हणजे पत्र्याचा डबा आहे. असे डबे चाचणीला दर मंगळवारी नवे येतात."

अर्लिसने रेडिओ बंद केला. बाई बरोबर बोलत होती आणि तो रेडिओवाला गाढवसुद्धा बरोबरच बोलत होता. या धंद्यात माणसाची किंमत आधी ठरते आणि मग त्याच्याशी कसं वागायचं ते ठरतं. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि रविवारी सगळे तरीही झेंडे घेऊन येतात.

अर्लिसचं काम बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. कागदावर तो खेळाडूंकडून व्यायाम करून घेणाऱ्यांपैकी एक. पण सामन्याच्या दिवशी तो कोव्हालिकच्या मागे उभा राहतो आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्यात चार बोटं अडकवून ठेवतो. मैदानाच्या कडेला जी रुंद पांढरी कड आखलेली असते, ती पंचांना पळायला मोकळी सोडायची असते. कोचने तिच्यात पाय टाकून पंचाला धक्का दिला तर संघाला पंधरा यार्डांची शिक्षा. आणि कोव्हालिक चिडला की त्याला कड दिसत नाही, पंच दिसत नाही, बायकापोरंही दिसणार नाहीत. म्हणून मागे अर्लिस. कोव्हालिकने त्याला तीन क्लब आपल्याबरोबर फिरवलं. गुडघे गेलेल्या, साठीला आलेल्या माजी खेळाडूला दुसरं कोण ठेवणार होतं?

इतकी वर्षं पट्टा धरल्यावर त्या माणसाचा राग बोटांना आधी कळतो. कोव्हालिक बोलायच्या आधी त्याचं वजन पुढच्या पायावर जातं, चामडं ताठ होतं, आणि अर्लिस मागे खेचतो. पण त्या रविवारी टेव्हियन मान खाली घालून बाहेर आला, त्याने हेल्मेट काढलं, आणि कोव्हालिकचा हात त्याच्या जबड्यावर बसला तेव्हा पट्टा ढिलाच होता. कोव्हालिक दोन्ही पायांवर नीट उभा होता. टेबलावरून कॉफीचा कप उचलावा इतक्या सहज त्याने हात उचलला होता. राग नव्हताच. रागात मारलं असतं तर अर्लिसने कदाचित समजून घेतलं असतं.

क्लबची वकीलबाई मिस हॅलोरन वाटच बघत होती. कोव्हालिक खोलीकडे पाठ करून खिडकीशी उभा होता.

"बसा ना, मिस्टर ग्रेडी. उद्या लीगचा माणूस चौकशीला येतोय. तुम्ही सगळ्यात जवळ होता. तुम्ही कोचना मागे ओढलंत, बरोबर?"

"दर रविवारी ओढतो."

"मग या रविवारीही ओढलं असणार."

"त्या घडीला नाही."

"हे तुम्हाला आठवतंय की नुसतं वाटतंय?" बाईचा आवाज गोड होता. अशा गोड आवाजाचेही वकील बिलात पैसे लावतात. "कारण कोचना आठवतंय की तुम्ही ओढलंत, त्यांचा तोल गेला आणि हात त्या मुलाला लागला."

कोव्हालिक वळला. "अर्लिस, मी खोटं बोलत नाहीये. खरंच तसंच झालं."

सगळ्यात वाईट हेच होतं. तीन दिवसांत त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्याला ते खरंच आठवत होतं.

"कोच, तुमच्या पोराला असा हात लागला असता तर?"

"माझ्या पोराने तो चेंडू झेलला असता," कोव्हालिक म्हणाला. मग आवाज खाली आणला. "डोरीनची तब्येत कशी आहे? डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागतं अजून?"

अर्लिसच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि तिच्या उपचारांचा विमा या नोकरीवर चालत होता, हे कोव्हालिकला ठाऊक होतं. विचारपूस आणि धमकी एकाच वाक्यात बसवायला तो बरोबर शिकला होता.

घरी डोरीनने राजमा आणि मक्याचा पाव पुढे ठेवला. स्वतः खाल्लं नाही. तिला तो राजमा चालत नव्हता, तरी ती त्याच्यासाठी करायची.

"काय सांगणार आहेस?"

"बघू."

"बघू काय? माझ्या औषधांचं निमित्त करून खोटं बोलू नकोस, एवढं सांगते. बोलायचंच असेल तर स्वतःच्या नावावर बोल. उद्या मेले तर लोक म्हणतील, बायकोपायी नवरा बिघडला."

"तू मरणार नाहीस. तुला मला टोमणे मारायचे असतात."

"ते तर आहेच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अर्लिस ठरवून निघाला होता. खरं सांगायचं. पट्टा ढिला होता, मी ओढलं नाही, त्याने मारलं. तीन वाक्यं. लीगच्या माणसाच्या खोलीकडे जाताना वाटेत बर्फाच्या पाण्याच्या टाक्या लागतात. एका टाकीत टेव्हियन गळ्यापर्यंत बुडून बसला होता. दात वाजत होते. जबड्याची डावी बाजू अजून सुजलेली होती.

"मिस्टर अर्लिस, एक मिनिट थांबा ना." मिसिसिपीकडचं पोर, मोठ्यांना नाव घेऊन हाक मारायचं झालं तरी पुढे मिस्टर लावायचं.

"काळजी करू नकोस," अर्लिस म्हणाला. "खरं तेच सांगतो."

"तेच नका सांगू."

अर्लिस थांबला.

"तुम्ही ओढलं म्हणा. पाया पडतो तुमच्या. मीसुद्धा तेच सांगून आलोय, की चुकून लागलं."

"त्याने तुझ्या तोंडात मारली, पोरा."

"मला ठाऊक आहे, तोंड माझंच आहे." टेव्हियन हसला, पण सुजेमुळे अर्धंच. "दरवर्षी क्लब नवे खेळाडू निवडतात, तेव्हा मला कोणी निवडलं नव्हतं. फोनची वाट बघत सगळं घर आजीकडे बसलं होतं, पोरं, चुलते, सगळे, आणि फोन आलाच नाही. नंतर या क्लबने चाचणीला बोलावलं. कोचवर केस करणारा पोरगा असं नाव पडलं तर दुसरा क्लब दारात उभा करेल का मला? मोठ्या नावाच्या खेळाडूने तक्रार केली तर तो धाडसी. मी केली तर मी कटकट."

"आणि हे असंच चालू द्यायचं?"

"माझ्या जिवावर थांबवू नका. दुसऱ्या कोणाच्या तोंडावर लढा ना ही लढाई."

अर्लिस तिशीत असताना त्याच्याही पाठीत एका कोचने लाथ घातली होती, आणि तोही गप्प बसला होता, आणि त्याच गप्प बसण्यावर पुढची सगळी नोकरी उभी राहिली होती. तो खोलीत गेला. लीगचा माणूस सभ्य होता, पेन महागाचं होतं.

"तुम्ही त्यांना ओढलंत?"

"ओढलं."

"जोरात?"

"तोल जाईल इतकं."

माणसाने लिहून घेतलं. अर्लिसला एकदम इतका थकवा आला की खुर्चीतून उठायला त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. लीगच्या माणसाला वाटलं, गुडघे.

शुक्रवारी लीगचं पत्र आलं. कोव्हालिक निर्दोष. खेळाडूला झालेली इजा अनवधानाने. आणि असे प्रकार पुन्हा होऊ नयेत म्हणून नवा नियम: सामना चालू असताना मैदानाच्या कडेला कोणीही मुख्य कोचला धरू नये, ओढू नये, हात लावू नये. लावल्यास क्लबला दंड.

म्हणजे एवढा मोठा खल करून शहाण्यांना सापडलं काय, तर मारणाऱ्या हाताऐवजी पट्टा धरणारा. नियम करणारी माणसं नियम करतात तेव्हा आधी बघतात कोण ओरडणार नाही, आणि त्याच्यावर करतात.

शनिवारी टेव्हियनला संघातून काढलं. अर्लिस थेट कोव्हालिकच्या खोलीत गेला.

"त्याने तुमच्या बाजूने सांगितलं, कोच."

"त्याबद्दल मी त्याचे आभार मानले." कोव्हालिक कागदातून डोकं वर न काढता म्हणाला. "अर्लिस, भावनेवर संघ चालत नाही. त्याला चेंडू झेलता येत नाही."

"क्वार्टरबॅकला फेकता येत नाही."

"त्याची गोष्ट वेगळी आहे."

"हो ना. तीच तर गोष्ट आहे."

"दार लावून घे जाताना," कोव्हालिक म्हणाला.

टेव्हियन सामान पिशवीत भरून कधीच निघून गेला होता. त्याने जाताना निरोप ठेवला होता: मिस्टर अर्लिस, तुमचा दोष नाही. अर्लिसला वाटलं, त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रविवारी सरोवरावरून असा वारा सुटला होता की झेंडे फाटायचे बाकी होते. अर्लिस नेहमीच्या जागी, कोव्हालिकच्या मागे उभा राहिला. दुसऱ्या भागात पंचांनी स्टोकर्सच्या विरुद्ध निकाल दिला आणि कोव्हालिकचं वजन पुढच्या पायावर गेलं. कोटाखालून पट्टा दिसत होता. अर्लिसचा हात आपोआप पुढे झाला. बोटं चामड्याच्या अगदी जवळ आली आणि तिथे थांबली. मग त्याने हात मागे घेऊन खिशात घातला.

कोव्हालिक पांढऱ्या कडेत दोन पावलं गेला. तिथून पळत येणारा पंच त्याच्यावर आदळला, दोघंही हिरवळीवर कोसळले आणि शिक्षेचं पिवळं फडकं हवेत उडालं. पंधरा यार्ड. तेवढ्या जवळून समोरच्या संघाने चेंडू सहज खांबांमधून मारला आणि गुणांत आघाडी घेतली. प्रेक्षकांनी पंचाला शिव्या घातल्या.

कोव्हालिक गुडघ्यावरचं गवत झटकत परत आला. "कुठे मेला होतास?"

"इथेच."

"मग धरलं का नाहीस?"

"हात लावायचा नाही. पत्र आलंय ना, कोच. मी ओढतो आणि तुमचा तोल जातो."

समजलं कोव्हालिकला. अर्लिस आपली थट्टा करतोय असं त्याला क्षणभर वाटलं असेल, पण त्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. झोप न झालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

शेवटच्या भागात स्टोकर्स थोडेसेच मागे होते आणि चेंडू समोरच्यांकडे होता. कोव्हालिक स्वतःहूनच एक पाऊल मागे सरकला, कोट वर ओढला, आणि पाठ करून अर्लिसपुढे उभा राहिला. पट्ट्याचं चामडं मागच्या बाजूला बाहेर वळलेलं होतं. चार बोटांनी इतकी वर्षं वळवलं होतं ते.

"धर," तो मागे न बघता म्हणाला.

"दंड होईल."

"दंड मी भरतो. धर, अर्लिस."

वारा दोघांच्या मधून जात होता. अर्लिसला डोरीन आठवली, ते मशीन आठवलं, विमा आठवला. धरलं की सगळं पुन्हा जिथल्या तिथे बसणार होतं. त्याने पट्ट्याकडे पाहिलं. हात खिशातच ठेवले.

"उद्या माझ्या खोलीत ये," कोव्हालिक कोट खाली ओढत म्हणाला.

"येतो."

खेळ पुन्हा सुरू झाला. कोव्हालिक ओरडत कडेच्या दिशेने निघून गेला. अर्लिस होता तिथेच उभा राहिला. गुडघे ठणकत होते. समोर आज कोणी नव्हतं, त्यामुळे मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडं दिसत होतं. इतक्या वर्षांत एकही सामना त्याने असा सलग बघितला नव्हता; बघितली होती ती कोव्हालिकची पाठ. आता तो नीट बघू लागला.

खेळ काही फार बरा चालला नव्हता.