कापलेले दोन इंच

टेबल घराबाहेर जायला हवं होतं, आणि ते आजच. म्हातारा तीन महिने लेकीला हेच सांगत होता आणि लेक तीन महिने म्हणत होती, "बाबा, जरा थांबा." आता त्याला थांबवत नव्हतं. सकाळी उठलं की समोर टेबल, जेवायला बसलं की पाठीशी टेबल. दोन खोल्यांच्या घरात माणसाने तोंड फिरवायचं तरी कुठे?

एकतीस वर्षं त्याची बायको त्या टेबलाशी बसून पुस्तकांच्या सूच्या करत आली. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात यादी असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर, ती. चिठ्ठ्यांचे गठ्ठे, रबरबँड आणि टोक केलेल्या पेन्सिली. ज्या दिवशी तिच्या छातीत दुखायला लागलं, त्या दिवशी ती 'स'वर आली होती. तो म्हणाला, "चल डॉक्टरकडे." ती म्हणाली, "एवढा 'स' संपवते, मग निघू." 'स' हे मोठं अक्षर. त्यात तास गेला. नंतर डॉक्टर म्हणाला, तासभर आधी आणलं असतंत तर.

त्या तासाचा राग काढायचा कोणावर? गेलेल्या बायकोवर काढून पाहिला होता, रिकाम्या घरात, दोनदा, मोठ्याने. शेजाऱ्यांनी दार वाजवलं. मग उरलं टेबल.

टेबल आणि खुर्ची तिने एका बंद पडलेल्या कचेरीच्या लिलावात घेतली होती, भंगाराच्या भावात. टेबलाखाली पितळेची एवढीशी पट्टी होती, तिच्यावर कोणाचंतरी नाव. लेकीने त्या पट्टीचा फोटो जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याला पाठवला आणि तो दुसऱ्याच दिवशी, दोन हमाल घेऊन, दारात हजर.

चाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला माणूस. इस्त्रीच्या कपड्यांनिशी सरळ जमिनीवर आडवा झाला, टॉर्च लावून टेबलाच्या पोटात शिरला आणि आतून म्हणाला, "वा! अहो, वा! हे त्याच डिझायनरचं. खुर्चीसकट जोडी! काका, तुम्ही कशावर जेवणाचा डबा ठेवत होतात, कल्पना आहे का?"

"डबा नाही ठेवला कधी. तिने ठेवू दिला नसता."

व्यापाऱ्याने टेप काढली. टेबलाची उंची घेतली, परत घेतली. खुर्चीची घेतली. मग पायांच्या टोकांवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहराच पडला.

"हे दोन इंच कमी आहे."

"आहे."

"खुर्चीपण."

"तीपण."

"कोणत्या गाढवाने कापली हो ही?"

लेक खोकली. म्हातारा म्हणाला, "ते गाढव तुमच्यासमोर उभं आहे."

व्यापारी उठून बसला. म्हाताऱ्याची कानशिलं तापली होती, पण तो सावकाश बोलला. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस, मापाचं बोलताना घाई करत नसे. "ती बुटकी होती. या खुर्चीवर बसली की पाय लोंबायचे, संध्याकाळपर्यंत सुजायचे. चप्पल घालून गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं तिचं. खुर्चीच्या उंचीपेक्षा दोन इंच कमी निघालं. खुर्ची उतरवली, मग टेबलही उतरवायला लागलं. नळीचे आठही पाय लोखंडाच्या करवतीने कापले, कानशीने घासले, खालची बुचं जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढली. टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवा. थेंब सांडला तर पुढे बोला."

"काका, तुमच्या हाताबद्दल प्रश्नच नाही. पण बाजारात याला बिघाडच म्हणतात."

"मी तुमचा काका नाही. आणि बिघाड म्हणजे काय? वस्तू कामातून जाते तो बिघाड. ही एकतीस वर्षं रोज कामात होती. तुमच्या त्या डिझायनरने माझ्या बायकोचे पाय बघितले होते का?"

"बाबा," लेक म्हणाली.

"बाबा काय? विचारतोय मी त्यांना."

व्यापाऱ्याने हात जोडले. "चुकलो. पण मी तरी काय करू? असं कापलेलं मी चौथाई किमतीला घेऊ शकतो, वर नाही. कापलेले तुकडे असते तर गोष्ट वेगळी होती. मूळचाच धातू, मूळचंच पॉलिश. माझा कारागीर असे जोडून देतो की भिंगातूनही सांधा दिसत नाही. पण एकतीस वर्षांपूर्वीचे तुकडे कोण ठेवतं?"

"बाबा ठेवतात," लेक म्हणाली.

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं बघितलं की दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं. पण लेक त्याचीच होती. ती माळ्यावर चढली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन उतरली. लेथवर आयुष्य काढलेला माणूस चांगल्या नळीचा तुकडा टाकत नाही, कधी लागेल सांगता येत नाही. आठ तुकडे, तेलाच्या फडक्यात. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: 'टेबल, पुढचा डावा.' 'टेबल, मागचा उजवा.' 'खुर्ची, पुढचा डावा.' बायकोचं अक्षर, सरळ आणि बारीक. यादी केल्याशिवाय तिला काही ठेवताच यायचं नाही.

"तुला कोणी सांगितलं होतं डब्याला हात लावायला?" म्हातारा ओरडला.

"तुम्हालाच घालवायचं होतं ना सगळं? तीन महिने डोकं खाल्लंत माझं!"

व्यापारी तुकड्यांवर जवळजवळ पडलाच. म्हणाला, "आता पूर्ण भाव देतो. वरती काहीतरी देतो. हे बसवले की वस्तू जशी जन्मली तशी."

"आणि मग तिच्यावर कोण बसणार?"

"बसणार?" व्यापारी हसला. "छे हो, बसायला देतील काय कोणी! गिऱ्हाईक तयार आहे माझं. काचेमागे ठेवणार, वरून दिवा सोडणार. हातसुद्धा लावू देणार नाही कोणाला."

म्हातारा व्यापाऱ्याच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला. लेकीने ओळखलं आणि ती एक पाऊल मागे सरकली.

"म्हणजे माझी बायको बसली तो बिघाड," तो म्हणाला, "आणि कोणीच बसणार नाही ती किंमत. हा धंदा आहे तुझा?" तुम्हीचं तू कधी झालं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्याने डबा ओढून घेतला. टेबलाच्या चिठ्ठ्यांचे चार तुकडे निवडले, एकेकाचा दोरा सोडून चिठ्ठी खिशात घातली आणि नळ्या व्यापाऱ्याच्या हातावर आदळल्या. "टेबल ने. ताबडतोब. आधी होतं तेवढं उंच कर, काचेत घाल, नाहीतर जाळ. त्या दिवशी त्यानेच तिला धरून ठेवलं. खुर्ची मिळायची नाही. तिने काही केलं नाही."

"अहो, जोडी फोडून कसं चालेल? नुसत्या टेबलाचे निम्मेही..."

"नसेल परवडत तर चालायला लाग."

व्यापाऱ्याने लेकीकडे बघितलं. लेकीने मान हलवली, म्हणजे मी यात नाही. दहा मिनिटं तो फोनवर कोणाशीतरी कुजबुजला आणि शेवटी हमालांना हाक मारली. टेबल दारातून निघताना चौकटीला घासलं. म्हातारा हमालांवर ओरडला, नीट उचला म्हणून, आणि मग, आपण का ओरडलो म्हणून, स्वतःवरच चरफडला.

खोली मोकळी झाली. भिंतीवर टेबलामागचा रंग वेगळा दिसत होता. लेक त्या रंगाकडे बघत म्हणाली, "झालं समाधान? खुर्ची मात्र राहिली. मी बसले तर गुडघे छातीला लागतात. तुमचे तर कानाला लागतील. काय करायचं हिचं?"

"कोणीतरी बुटकं माणूस शोध. फुकट देईन. पण रोज बसणारं पाहिजे."

"खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आहेत की. उपड्या बादलीवर पाय ठेवून वह्या तपासतात बिचाऱ्या. पण त्यांच्याशी तुम्ही दोन वर्षं बोलत नाही. नळाचं भांडण."

"खुर्ची द्यायला बोलावं कशाला लागतं?"

त्याने खुर्ची पाठीला धरून उचलली आणि तो जिन्याकडे निघाला. दुसऱ्या पायरीवर थांबला, वळला.

"त्यांच्या चपला केवढ्या जाड असतात, बघितलंस का कधी?" त्याने विचारलं, अजून रागातच. "जास्त जाड असतील तर बुचं बदलावी लागतील."