वैद्य कोण होणार?

आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती दवाखान्यातून घरी आली. त्यानंतरच्या शनिवारी दुपारी दोन्ही भाऊ ताईकडे आले. ताईकडे म्हणजे आईकडेच. ताईनं लग्न केलं नव्हतं आणि मायलेकी एकत्र राहायच्या. भावांची घरं काही लांब नव्हती, पण त्यांना यायला निमित्त लागायचं. या खेपेला निमित्त आईचं होतं, तरी धाकट्यानं काखेत लॅपटॉपही मारून आणला होता.

"ताई, बघ काय सापडलंय!"

लहानपणीचा गेम होता. तोच दगडी दरवाजा आणि त्याखाली त्याच चार रिकाम्या चौकटी. चार जणांची पार्टी निवडून गुहेत शिरायचं, आणि एकदा शिरलं की शेवटपर्यंत बदल नाही. म्हणून सगळी मारामारी निवडीवरून. पुढे उभं राहून घाव झेलायला योद्धा, कुलपं उघडायला चोर, लांबून आग फेकायला जादूगार आणि बाकीच्यांच्या जखमा बांधायला वैद्य. योद्धा कायम दादा. चोर धाकटा. जादूगाराला आईचं नाव, कारण स्वयंपाकघरातून तिनं नुसते डोळे वटारले तरी समोरचा जळून खाक व्हायचा. आणि वैद्य ताई.

कुणाच्या अंगात ताकद किती, चपळाई किती, हे फासे ठरवायचे. दादा मनासारखे आकडे पडेपर्यंत फासे टाकत बसायचा. ताईची पाळी आली की पहिल्या फटक्यात पडेल ते दान. "वैद्याला ताकद लागतेच कशाला? तू मागेच तर उभी राहणार."

आताही धाकट्यानं न विचारताच चौथ्या चौकटीत वैद्य टाकला.

"थांब," ताई म्हणाली. "मला योद्धा व्हायचंय."

दादा हसला. "आणि मी काय होऊ?"

"वैद्य हो."

"मी? मला धड पट्टी बांधता येत नाही."

"ते दिसलंच दवाखान्यात."

धाकटा घाईघाईनं मध्ये पडला. "दोन योद्धे घेऊ की. काय बिघडतं?"

"पार्टीचा तोल जातो," दादा म्हणाला. हसणं संपलं होतं. "वैद्य नसला की पहिल्याच खोलीत सगळे मरतात. कुणीतरी मागे राहायलाच लागतं. म्हणून तर मी हिच्या मालकांना म्हटलं की..."

त्यानं जीभ चावली. धाकटा एकदम बुटांच्या नाड्या बघायला लागला.

ताई चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात होती. परगावी नवी शाखा निघत होती आणि तिथली प्रमुख म्हणून तिचं नाव जवळपास पक्कं होतं. मग अचानक, आई दवाखान्यात असतानाच, तिच्याच हाताखाली शिकलेल्या मुलीला पाठवलं गेलं. आपण कुठे कमी पडलो, या विचारानं ताईनं तेव्हापासून स्वतःला कुरतडून खाल्लं होतं.

"काय म्हटलंस मालकांना?"

"अगं, चष्म्याच्या काचा घ्यायला कारखान्यात गेलो होतो, विषय निघाला. म्हटलं, आई अशी पडलेली, ही काही जाणार नाही. उगाच तिला पेचात टाकू नका. तुझ्याच भल्यासाठी..."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू जाते म्हणाली असतीस!"

ताई धाकट्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

धाकट्यानं लॅपटॉप मिटला. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. पडल्या पडल्या ती सगळं ऐकत होती.

"दादाला कशाला बोलतेस? मालकांना सांग म्हणून मीच सांगितलं होतं त्याला."

ताईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती आतल्या दारात जाऊन उभी राहिली. आईनं नजर चुकवली नाही. "मला सुनांच्या हातचं जमत नाही," ती म्हणाली. "तुझं काय, तुझी नोकरी इथेही आहेच."

ताईनं आवाज चढवला नाही. सोमवारी ती मालकांपुढे जाऊन उभी राहिली. ते बिचारे ओशाळले. "तुमचे दादाच म्हणाले, मला वाटलं घरात ठरलंय."

"कामाला मी आहे की दादा?"

त्यांनी माफी मागितली. जागा मात्र भरली होती.

त्याच आठवड्यात तिनं आईचे कपडे, गोळ्या आणि चालायचा वॉकर बांधला, गाडी बोलावली आणि आईला दादाच्या घरी नेऊन पोहोचवलं. गोळ्यांच्या वेळा वहिनीला दोनदा समजावून सांगितल्या. दादा दारात म्हणाला, "हे तू सूड म्हणून करतेयस."

"हो," ताई म्हणाली.

घर रिकामं झालं. आता ती कुठेही जायला मोकळी होती आणि जायला कुठलीच जागा उरली नव्हती. रोज कामावर जायची, फिरत्या चक्रावर काचा घासायची, संध्याकाळी येऊन एकटीपुरतं शिजवायची. आईला फोन केला की वहिनीच उचलायची. "झोपल्यात," म्हणायची, आणि मागून आईचं खोकणं ऐकू यायचं.

शेवटी एका रविवारी ती भेटायला गेली. बैठकीत वहिनीच्या माहेरची माणसं बसली होती. आई चांगली खुर्चीत बसून चहा पीत होती. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, "या कोण?"

"ही माझी मुलगी," आई म्हणाली. "हिनं मला घराबाहेर काढलं."

ताईनं दादाकडे पाहिलं. तिच्या बाजूनं खरं काय ते सांगू शकेल असा या खोलीत तो एकटाच होता. त्यानं बिस्किटांची बशी उचलली आणि पाहुण्यांपुढे धरली.